दगडावर आकडा, घरात नाव



पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या गावात गेलात तर चावडीची भिंत नीट न्याहाळून पाहा. चावडी पाडून तेथे ग्रामपंचायतीची नवी इमारत उभी राहिली असेल, तर तिच्या ओट्यापाशी, शाळेच्या दाराशी किंवा वेशीजवळ शोधा. चुन्याच्या अनेक हातांखाली किंवा तैलरंगाच्या पुटाखाली दडलेली एक लहानशी दगडी पाटी पुष्कळ गावांतून आजही आढळते. तिच्यावरील मजकुराचा आशय सर्वत्र एकच असतो : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. गाव बदलले की आकडा बदलतो; मजकूर बदलत नाही.

जे गेले ते कोण होते, कोणाचे पुत्र होते, गावाच्या कोणत्या वस्तीत जन्मले, त्यांच्यामागे कोण रडले, हे ती पाटी सांगत नाही. दगडावर आकडा आहे, नाव नाही. ते नाव कोठे शिल्लक असेलच तर ते तुमच्या घरात आहे : एखाद्या वृद्ध आजीच्या आठवणीत, ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या पेन्शनच्या कागदावर, किंवा फडक्यात बांधून ठेवलेल्या एखाद्या काळवंडलेल्या पदकाच्या कडेवर. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतील अशा पाट्यांची, सन्मानफलकांची आणि त्यांच्यामागील माणसांची एक समग्र नोंद स्वयंसेवकांच्या हातून सिद्ध व्हावी, आणि त्या कामात नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी अग्रभागी असावे, असे आम्हांस वाटते. ते का, आणि ते कसे करावे, हे आज सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यांची नावे शोधून आज कोणाचे पोट भरणार आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

भीमा-कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या लढाईत जे शिपाई पडले, त्यांची नावे कंपनी सरकारने तेथील स्तंभावर कोरली. त्यांपैकी बावीस नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय आहे. त्या काळी महार पुरुषाच्या नावास हा प्रत्यय लावीत. म्हणून ती माणसे कोण होती हे सांगावयास दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरली नाही. १ जानेवारी १९२७ रोजी पूज्य बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्यांच्यामागे ही कोरलेली नावे पुरावा म्हणून उभी होती. त्या लढाईचा अर्थ काय लावावा याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत, ते असोत. परंतु ती माणसे तेथे होती की नव्हती, असा वाद कोणासही घालता येत नाही. नाव लिहिले गेले की माणूस नाकारता येत नाही, हा त्या स्तंभाचा धडा आहे.

आता त्याच्या शेजारी महायुद्धाची पाटी ठेवून पाहा. समजा, तिच्यावर ‘बारा गेले, दोन मेले’ असे आहे. ते बारा पाटलाच्या वाड्यातले, की कुंभारवाड्यातले, की गावकुसाबाहेरचे, हे त्या दगडावरून कोणी सांगावे? आकड्याला जात नसते हे खरे. पण आकड्याला वारसही नसतो. गावाचे व्यासपीठ आणि गावाची वही ज्याच्या हाती, त्याच्या नावावर तो आकडा कालांतराने आपोआप जमा होतो. गावच्या शौर्याची भाषणे होतात, मिरवणुका निघतात, आणि ज्यांच्या घरातून माणूस गेला ती घरे टाळ्या वाजविणाऱ्यांत मागे उभी राहतात. आपला आजा त्या आकड्यात होता, हे त्यांच्या मुलांना ठाऊकही नसते.

ही गोष्ट केवळ खेड्यातील पाटीची आहे असे समजू नका. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील सुमारे ७४ हजार माणसे मृत्यू पावली. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९२७ साली जे स्मारक उभे राहिले, त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. परंतु इराकमधील बसरा येथील स्मारकाची कथा निराळी आहे. मेसोपोटेमियाच्या रणात ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. तेथे ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या कोरली. सैन्य एक, युद्ध एक, मृत्यूही एकच. पण एकाच्या वाट्यास नाव आले आणि दुसऱ्याच्या वाट्यास बेरीज आली.

या भेदाची कबुली मिळावयास शंभर वर्षे लागली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार मृतांची, ज्यांत आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थान येथील माणसे होती, नावानिशी दखलच घेतली गेली नाही, असे त्या अहवालाने मान्य केले. आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. ती क्षमा चांगलीच आहे. परंतु क्षमेच्या पत्राने नाव परत येत नाही. जो आपल्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचे गाव घेऊन पुढे येईल, त्याच्याच माणसाला त्या क्षमेचा काही उपयोग आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. ज्या काळात गावोगावची माणसे बोटींत बसून युद्धास जात होती, त्याच काळात या संस्थानात नावांची एक दुसरी यादी चालू होती. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतील माणसांना जन्मतःच संशयित मानून त्यांच्याकडून नित्य हजेरी घेतली जाई. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली, आणि त्याच वर्षी महार वतनाचे जोखडही मोडले. त्यांचे हे उपकार आपण विसरू शकत नाही. पण आज आपण विचार करावयाचा तो याचा की, हजेरी घेणाऱ्याला आमच्या माणसांची नावे ठाऊक होती. संशयासाठी नाव लिहावयाचे तेव्हा कागद होता, शाई होती, कारकून होता. सन्मानासाठी लिहावयाची वेळ आली तेव्हा मात्र आकडा पुरेसा झाला. ज्या समाजाने ‘नाव पुकारले की भिऊन उभे राहावे’ असे दिवस पाहिले, त्याने आता आपली नावे स्वतःच्या हाताने, ताठ मानेने लिहावीत, यात औचित्य आहे.

नोंदीचा आणि हक्काचा संबंध किती निकट आहे, हे सैन्यभरतीच्या इतिहासाने आपल्याला शिकविले आहे. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’ नावाच्या सिद्धांताचा आधार घेऊन ब्रिटिश सरकारने महारांची भरती थांबविली. पिढ्यान्‌पिढ्या बंदूक वाहिलेल्या माणसांना ‘तुम्ही लढवय्येच नव्हे’ असे सांगण्यात आले. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांनी बजावलेली सेवा हाच अशा मागणीचा आधार होता. महायुद्धात माणसांची गरज भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली. गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध पेटल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीचे सदस्य होते. या रेजिमेंटच्या प्रारंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, हे लक्षात घ्या. नावे कोरलेला एक दगड शंभराहून अधिक वर्षांनी एका रेजिमेंटचे चिन्ह झाला. आकडा कोरलेल्या दगडाचे असे काही होऊ शकले असते काय?

येथे तुमच्यापैकी काहींच्या मनात दोन शंका येतील, आणि त्या येणे हे जागृत मनाचे लक्षण आहे.

पहिली शंका अशी : आम्ही जात टाकली, बुद्धाला शरण गेलो, मग ज्या कागदावर ‘महार’ असे लिहिले आहे तो कागद पुन्हा कशाला उघडावयाचा? बंधूंनो, आपण जात टाकली आहे. आजोबा टाकलेला नाही. त्या माणसाला मिळालेला अपमान त्याने निवडलेला नव्हता, आणि तो त्याच्या नावाबरोबर पुसला जाणार असेल तर त्या पुसण्यात त्याचे कष्ट आणि त्याचे मरणही पुसले जाते. नोंदीत जुना शब्द जसा आहे तसा लिहावा, कारण ती त्या काळाची साक्ष आहे; आणि आज त्या घराने स्वीकारलेला धम्म व आडनाव हेही शेजारच्या रकान्यात लिहावे. एकाच ओळीत हे दोन्ही वाचले म्हणजे एका घराण्याने किती मोठी वाट चालली हे नातवंडांना एका दृष्टिक्षेपात कळेल. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना किती घरे हैराण होतात, हे तुम्ही जाणता. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. त्या मिळाल्या, पण कागदाची गरज संपली नाही. आम्ही म्हणतो ती नोंदवही स्वतः पुरावा ठरणार नाही, हे स्पष्ट समजून घ्या. परंतु घराघरांतून शोध होईल तेव्हा जे मूळ कागद हाती लागतील, ते जतन करणे हे प्रत्येक घराचे हित आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आपण तथागतांच्या करुणेच्या मार्गावर आहोत. मग युद्धाचे आणि त्यातही परक्या साम्राज्याच्या युद्धाचे स्मरण का करावे? याचे उत्तर सम्राट अशोकाने दिलेले आहे. कलिंगच्या युद्धानंतर त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात लिहून ठेवले की एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष देशोधडीस लागली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली. जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या विजयाचा असा हिशेब दगडावर लिहावा, आणि तो पश्चात्तापाने लिहावा, हे जगाच्या इतिहासात विरळा आहे. हिशेब लिहिणे म्हणजे युद्धाचा गौरव करणे नव्हे. कोण पोटासाठी गेला, कोण वतनाच्या जाचातून सुटण्यासाठी गेला, कोण अंगावर गणवेश चढला की कोणी अंतर राखणार नाही या आशेने गेला. हे सारे नावाशेजारी लिहिले जाईल तेव्हाच युद्ध गरिबाकडून काय घेते ते आपल्या मुलांना कळेल. आकडा वाचून छाती फुगते. नाव वाचून मन हेलावते. करुणेला नाव लागते.

आता कामाकडे येऊ. केवळ उत्साहाने केलेली यादी दोन वर्षांत निरुपयोगी होते, म्हणून पद्धत आधी ठरविली पाहिजे.

दगडाला आणि माणसाला निरनिराळे क्रमांक द्यावेत. प्रत्येक पाटी किंवा फलक हा तालुका, गाव आणि अनुक्रम यांनी ओळखला जावा. एकच माणूस गावच्या स्तंभावर, शाळेच्या सन्मानफलकावर आणि पलटणीच्या यादीत, असा तीन ठिकाणी असू शकतो. त्या तीन नोंदी एकमेकींस जोडाव्यात, पण त्यांपैकी एकही पुसू नये. उलटपक्षी केवळ नाव जुळले म्हणून दोन माणसे एक समजू नयेत. आपल्या जिल्ह्यात ‘कांबळे’ हे आडनाव किती घरांत आहे, हे तुम्हांस सांगावयास नको. बापाचे नाव, गाव, पलटण आणि शिपाई क्रमांक यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्यावाचून दोन नोंदी एका माणसाच्या मानू नयेत.

दगडावर जसे कोरले आहे तसेच उतरवावे. अक्षर चुकलेले असले तरी ते सुधारू नये. आपले वाचन शेजारी वेगळे लिहावे. संपूर्ण फलकाचे एक, जवळून एक आणि आसपासचा परिसर दिसेल असे एक, अशी तीन छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. अक्षरे दिसावीत म्हणून दगड खरवडू नये, तेल किंवा रंग भरू नये. रंगाखाली दडलेला दगड दिसल्यास ग्रामपंचायतीस लेखी कळवावे आणि पत्राची पोच घ्यावी.

प्रत्येक नोंदीस साक्षीचा रकाना असावा : नाव दगडावरून मिळाले, कागदावरून मिळाले, पदकावरून मिळाले, की तोंडी सांगण्यावरून. तोंडी साक्ष हलकी समजू नये, पण ती तोंडी आहे हे लपवूही नये. सांगणाऱ्याचे मृताशी नाते आणि सांगितल्याची तारीख लिहावी. पुढे चूक निघाली तर जुनी ओळ खोडू नये. तिच्याखाली दुरुस्ती, दिनांक आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव लिहावे. खोडलेली वही कोणी विश्वासाने वाचत नाही.

बंदूकधाऱ्यांबरोबर जे बंदुकीविना गेले त्यांना विसरू नये. खेचरे हाकणारा, पाणी वाहणारा, स्वयंपाकी, सफाई करणारा, रस्ते बांधणारा मजूर, हेही त्याच बोटीतून गेले, त्याच तापाने मेले. सन्मानफलकावर त्यांची नावे आढळण्याची शक्यता सर्वांत कमी. म्हणून आपल्या नोंदीत त्यांचा रकाना सर्वांत आधी आखावा. तसेच वारसाच्या रकान्यात विधवेचे किंवा मातेचे नाव लिहावे. तिच्या वाट्यास आलेले युद्ध कोणत्याही पाटीवर नाही.

आणि ही नोंद सर्व जातींची असली पाहिजे. पाटीवरील बारांपैकी तीन आपले निघाले म्हणून उरलेल्या नऊ जणांच्या घरी जाण्याचे टाळाल, तर आपल्यावर जो अन्याय झाला तोच आपण दुसऱ्यावर कराल. मराठ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या, मांगाच्या दारी जा आणि त्यांच्याही आजोबांचे नाव त्याच आदराने विचारा. महार रेजिमेंटमध्ये आज देशातील सर्व समाजांचे जवान आहेत. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे होते. सन्मानाला कुंपण घालणे हे आपले काम नाही.

साधने कोणती, असे विचाराल तर ती आपल्या समजुतीपेक्षा जवळ आहेत. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाने वाचून पाहा. मृत सैनिकाच्या वारसास सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची एक गोल कांस्यचकती मिळत असे. तिच्यावर एक स्त्रीमूर्ती, सिंह आणि मृताचे नाव असते. त्या चकतीवर कोणाचाही हुद्दा नाही, केवळ नाव आहे. एवढी एकच वस्तू अशी की जिने साहेबाला आणि शिपायाला एका मापाने मोजले. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर खुल्या आहेत. त्यांत हिंदी शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही आढळतो. रोमन लिपीत गावांची नावे चमत्कारिक रीतीने लिहिलेली असतात, म्हणून पाच-सहा प्रकारांनी शोधावे. संस्थानी काळातील कागद मोडीत आहेत. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात निदान एका तरुणाने मोडी शिकावी आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागाराची पायरी चढावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारखी सैनिकी परंपरेची गावे आणि तेथील सेवानिवृत्त जवान, यांचे साह्य आदराने मागावे.

२०२३ च्या ऑगस्ट महिन्यात ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत देशभर गावोगावी नवे शिलाफलक बसविण्यात आले. ज्यांनी देशासाठी प्राण वेचले, त्या गावच्या वीरांची नावे त्यांवर असावीत अशी ती योजना होती. तुम्ही आपल्या ग्रामपंचायतीपुढे उभे राहून तो फलक वाचला आहे काय? नसेल तर उद्या वाचा. त्यावर कोणाची नावे आहेत, कोणाची असावयास हवी होती, हे वहीत लिहा. एखादे नाव राहिले असेल तर त्याची मागणी भांडणाने करू नका. कागद, साक्ष आणि छायाचित्र घेऊन ग्रामसभेत करा. ज्याच्या हाती नोंद असते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. इंग्लंडमध्ये १९८९ पासून स्वयंसेवकांनी गावोगावची युद्धस्मारके नोंदविण्यास आरंभ केला. आज त्यांच्या नोंदसंग्रहात नव्वद हजारांहून अधिक स्मारके आहेत. पंजाबच्या सरकारने पहिल्या महायुद्धानंतर गावनिहाय नोंदवह्या तयार केल्या होत्या. सुमारे ३ लाख २० हजार माणसांची ती दप्तरे लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होती. २०२१ साली ती संगणकावर येऊ लागली आणि परदेशी गेलेल्या पंजाबी घरांतील नातवंडांना आपले पणजोबा सापडू लागले. इंग्लंडच्या स्वयंसेवकांपाशी चिकाटी होती, पंजाबपाशी दप्तर होते. आपल्यापाशी दप्तर नसेल तर चिकाटी दुप्पट हवी.

कालविभाग असा करावा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनासाठी एकत्र जमतो. कोल्हापूरचा पाऊस त्या दिवसांत बाहेर हिंडू देत नाही. ते तीन महिने घरातील कागदांसाठी आणि वृद्धांच्या आठवणींसाठी ठेवावेत. पाऊस ओसरल्यावर, उन्हे कोवळी असताना, दगडांकडे जावे. प्रत्येक गावास दोन स्वयंसेवक असावेत आणि त्यांपैकी एक भगिनी असावी. कारण घरातील आजी जे मुलीजवळ बोलते ते चार पुरुषांपुढे बोलत नाही. वहीच्या तीन प्रती असाव्यात : एक विहारात, एक शाळेत किंवा सार्वजनिक वाचनालयात, आणि एक संगणकावर सर्वांस खुली. मात्र हयात असलेल्या कोणाचाही पत्ता, पेन्शन क्रमांक किंवा आधार क्रमांक त्या खुल्या प्रतीत येता कामा नये. मृतांचा मान राखताना जिवंतांची हानी करावयाची नाही.

शेवटी एक गोष्ट केवळ तुमच्यासाठी, ज्यांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेनंतर तुम्ही देव्हाऱ्यातील टाक काढले असतील, जुनी फडकी सोडली असतील, ट्रंका रित्या केल्या असतील. ते योग्यच केलेत. परंतु देवाचे टाक आणि आजोबांचे पदक पुष्कळदा एकाच फडक्यात बांधलेले असते. धातू सारखाच काळवंडलेला असतो, आणि घाईच्या हाताला दोहोंतील भेद कळत नाही. मोडीत घालण्यापूर्वी ती वस्तू एकदा उजेडात धरा आणि तिची कड वाचा.

तिच्यावर नाव असेल. ते मोठ्याने वाचा, घरातील मुलांना ऐकवा आणि वहीत लिहा. येत्या आश्विन पौर्णिमेस तुमच्या विहारात ती यादी उभ्याने वाचली जावी. आणि त्यानंतर गावच्या पाटीसमोर जाऊन, जेथे ‘दोन’ असे कोरले आहे, तेथे ती दोन नावे उच्चारावीत. शंभर वर्षांत त्या दगडासमोर ती कोणी उच्चारली नसतील.